जुन्या लॅपटॉपमध्ये कंपनीच्या मर्यादेपलीकडे रॅम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या सोसायटीत कुणाचा लॅपटॉप रांगायला लागला की तो जिना चढून माझ्या डायनिंग टेबलावर येतो. माझं दुरुस्तीचं दुकान नाही. नोकरी ऐरोलीला, आणि हा रविवारचा उद्योग. प्रश्न मात्र दर रविवारी तेच: कंपनी सांगते त्याहून जास्त रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, टाकता येईल का? म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. सगळं इंटेलच्या लॅपटॉपांना आणि जुन्या मॅकबुकना धरून आहे, कारण टेबलावर तेच येतात.

कंपनीच्या कागदावर ‘कमाल ८ जीबी’ लिहिलंय. मग १६ कशी चालेल?

कागद कधीचा आहे ते आधी बघा. लॅपटॉप बाजारात आणताना कंपनी त्या वेळी मिळणाऱ्या स्टिक, म्हणजे रॅमच्या चिप लावलेल्या छोट्या पट्ट्या, घालून तपासते आणि जेवढं तपासलं तेवढंच लिहिते. लेनोवोचा थिंकपॅड एक्स२२० आला २०११ साली. तेव्हा लॅपटॉपची ८ जीबीची स्टिक म्हणजे चैन होती. स्टिक बसवायच्या जागा, म्हणजे स्लॉट, दोन, प्रत्येकी ४, म्हणून कागदावर ८. पण त्याच लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या आय५-२५२०एम प्रोसेसरच्या माहितीत खुद्द इंटेलने १६ जीबी लिहिलंय. पुढे ८ जीबीच्या स्टिक स्वस्त झाल्या, लोकांनी दोन-दोन टाकल्या आणि एक्स२२० ने मुकाट्याने उचलल्या. कागद तसाच राहिला. विकून झालेल्या मालाचा कागद कोण सुधारत बसणार?

ॲपलचंही तेच. २०११ चा मॅकबुक प्रो त्यांच्या लेखी ८ जीबीचा, चालतो १६ वर. २०१२ चा रेटिना नसलेला १३ इंची मॅकबुक प्रो तर २०१६ पर्यंत विकला जात होता. त्याचा कागद ८ च म्हणतो आणि तोही १६ बिनतक्रार घेतो.

म्हणजे कागद खोटा, हवी तेवढी टाकायची?

नाही. इथेच लोकांचे पैसे पाण्यात जातात, माझेही गेलेत. मर्यादा दोन जातीच्या असतात. एक कागदी, ती वर सांगितली. दुसरी खरी भिंत, आणि ती मेमरी कंट्रोलरमध्ये असते. मेमरीच्या कुठल्या घरात काय ठेवलंय हे बघणारा हा भाग जुन्या कोअर २ ड्युओच्या काळात मदरबोर्डवरच्या चिपसेट नावाच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. कोअर आय३, आय५, आय७ आल्यापासून तो प्रोसेसरच्या घरातच राहायला आला.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या वहीत फ्लॅट नंबरसाठी तीनच चौकोन छापलेत. नवव्या मजल्यापर्यंत ठीक, ९०४ लिहिता येतो. बिल्डरने वर आणखी मजले चढवले, लोक राहायला आले, पण १००१ लिहायला चौथा चौकोनच नाही. फ्लॅट आहे, माणसं आहेत, वहीच्या लेखी मात्र नाहीत. कंट्रोलरच्या वहीत किती चौकोन हे कारखान्यातच ठरतं. बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून चौकोन वाढत नाहीत.

आता थोडं गणित. लॅपटॉपच्या स्टिकवर साधारणपणे एका बाजूला ८ आणि दोन्ही बाजूंना मिळून १६ काळ्या चिप असतात. डीडीआर३ या जातीच्या रॅमच्या काळातली नेहमीची मोठी चिप ४ गिगाबिटची. १६ गुणिले ४ म्हणजे ६४ गिगाबिट, भागिले ८ (आठ बिटचा एक बाइट), म्हणजे ८ गिगाबाइट. १६ जीबीची एकच स्टिक हवी असेल तर चिप ८ गिगाबिटच्या लागतात, आणि इंटेलच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या (पिढी कशी ओळखायची ते खाली) कंट्रोलरला ८ गिगाबिटची चिप वाचताच येत नाही. म्हणून या तिन्ही पिढ्यांत एका स्लॉटला ८ जीबी ही भिंत आहे.

पाचव्या पिढीत वहीत चौकोन वाढला. थिंकपॅड एक्स२४० आणि एक्स२५० शेजारी ठेवले तर घरातला माणूसही फसेल इतके सारखे दिसतात. दोघांना एकच स्लॉट, दोघांच्या कागदावर ८ जीबी. एक्स२४० चौथ्या पिढीचा, तो ८ वर थांबतो. एक्स२५० पाचव्या पिढीचा, तो १६ ची स्टिक घेतो.

माझा लॅपटॉप किती उचलेल, हे खरेदीआधी कसं कळेल?

आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा. नुसतं ‘आय५’ सांगू नका, पुढचा आकडा सांगा. चार आकडी नंबरातला पहिला आकडा म्हणजे पिढी: आय५-३३२० तिसरी, आय५-५३०० पाचवी, आय५-८२५० आठवी.

साधारण २००६-०७ चे इंटेल ९४५ चिपसेटवाले लॅपटॉप ३ जीबीच्या पुढे जात नाहीत, त्यांच्याबद्दल खाली वेगळं आहे. त्यानंतरच्या ९६५ चिपसेटवाल्यांच्या कागदावर बहुधा ४ असतं आणि त्यातले बरेच ८ घेतात. पण ४ जीबीची डीडीआर२ स्टिक आजही इतकी महाग मिळते की तेवढ्या पैशांत जुना पण बरा लॅपटॉप यावा. त्या वाटेला जाऊ नका.

कोअर २ ड्युओच्या शेवटच्या काळातले, डीडीआर३ घेणारे जीएम४५ चिपसेटवाले लॅपटॉप ८ घेतात. मात्र ४ जीबीची स्टिक १६ चिपवाली हवी. आठच चिप असलेली ४ जीबीची नवी स्टिक टाकली तर डिस्प्ले येत नाही. चिप मोठ्या असतात, वहीत मावत नाहीत.

खरी मजा दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत. दोन स्लॉट असतील तर कागद काहीही म्हणो, ८ अधिक ८ टाका. चौथ्या पिढीतही ८ अधिक ८, पण स्लॉट एकच असेल तर ८ वर हात जोडायचे. पाचव्या पिढीत १६ च्या डीडीआर३एल (‘एल’ म्हणजे काय ते खाली) स्टिक चालतात, पण त्या शोधाव्या लागतात. सहाव्यापासून बहुतेक लॅपटॉप डीडीआर४ वर गेले, तिथे स्लॉटला १६ ही साधी गोष्ट. आठव्या पिढीच्या थिंकपॅड टी४८० मध्ये तर ३२ च्या दोन स्टिक टाकून लोक ६४ जीबी चालवतात, आणि तो आला तेव्हा कागदावर ३२ होतं.

स्वस्त सेलेरॉन एन४००० वाले लॅपटॉप कॉलेजच्या पोरांकडे खूप दिसतात. इंटेल त्यांना ८ म्हणतं, १६ अनेकांनी चालवली आहे. पण त्या प्रोसेसरला १६ देणं म्हणजे रिक्षाला बसची टाकी लावणं.

लॅपटॉपलाच विचारलं तर तो ‘कमाल क्षमता’ सांगतो ना?

सांगतो, पण तो आकडा बायोसमध्ये कंपनीच्याच माणसाने भरलेला असतो. लिनक्समध्ये डीएमआयडीकोड ही कमांड चालवा किंवा विंडोजमध्ये कमांड द्या, दोन्ही तोच भरलेला आकडा वाचून दाखवतात. म्हणजे कागदच, फक्त स्क्रीनवर. ८ लिहिलेल्या यंत्रात १६ चाललेली मी पाहिली आहे आणि ३२ लिहिलेलं यंत्र १६ वर अडलेलंही. स्लॉट किती आणि त्यात सध्या काय बसलंय, हे मात्र टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किंवा सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्राममध्ये बरोबर कळतं.

स्टिकच्या लेबलवर काय वाचायचं?

टेबलावर आत्ता एक स्टिक आहे, तिच्यावर लिहिलंय ‘८ जीबी २आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस’. ८ जीबी कळलं. २आरएक्स८ म्हणजे चिपच्या दोन रांगा, आठ-आठच्या, एकूण १६. १आरएक्स८ असतं तर आठच चिप. पीसी३ म्हणजे डीडीआर३, १२८०० म्हणजे १६०० चा वेग, शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपची आखूड स्टिक.

मधला ‘एल’ सगळ्यात महत्त्वाचा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, एल असलेली १.३५ वर. चौथ्या पिढीपासूनच्या डीडीआर३ लॅपटॉपांना एलच लागते, साधी टाकली तर पडदा काळा. उलट, एलवाली स्टिक १.५ वरही चालते, म्हणून ती जुन्या लॅपटॉपातही जाते. शंका असेल तर एल घ्या. वेगाची काळजी नको. १३३३ च्या लॅपटॉपात १६०० ची स्टिक टाकली तर ती १३३३ ने चालते.

डीडीआर२, ३ आणि ४ ची खाच वेगवेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, ती त्या लॅपटॉपची नाहीच.

घ्यायची कुठून? ठाण्यात, वाशीत की लॅमिंग्टन रोडला?

डीडीआर४ ठाण्यात स्टेशनजवळ किंवा वाशीत सहज मिळते, त्यासाठी लोकलचे धक्के कशाला? डीडीआर३एल जुन्या लॅपटॉपातून काढलेली मिळते, आणि ती वाईट नसते. रॅम झिजत नाही. चालते तोवर वर्षानुवर्षं चालते.

१६ चिपवाली ४ जीबी किंवा १६ जीबीची डीडीआर३एल असली अडनिडी चीज हवी असेल तर लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा. ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. लॅपटॉप सोबत न्या, चार्जरसकट. काउंटरवर स्पष्ट सांगा, ‘दादा, लावून बघतो, डिस्प्ले आला तर घेतो.’ बहुतेक तयार होतात. ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे तिथे चालवून दाखवलं की विषय संपला, हे लक्षात ठेवा. नवी असेल तर बिल घ्याच. बिलाशिवाय दोन पैसे कमी होतात आणि वॉरंटी पूर्ण जाते.

माझे पैसे गेले ते चौथ्या पिढीच्या, एका स्लॉटच्या लॅपटॉपवर. भाचीला प्रोजेक्टसाठी हवा होता. मी ऐटीत ऑनलाइन १६ ची स्टिक मागवली, पॅकेट फाडलं, टाकली, आणि काळा पडदा. विक्रेता म्हणाला, ‘माल चांगला आहे, तुमच्या लॅपटॉपची चूक.’ चिडलो होतो, पण माणूस खरं बोलत होता. वरचं वहीचं गणित मी त्यानंतर शिकलो.

भावाबद्दल एवढंच की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच भडकले. जुना अंदाज धरून दुकानात जाऊ नका, दोन ठिकाणी फोन करा.

घरी टाकता येते का, की दुकानातच द्यावी?

स्क्रू काढता येत असेल तर घरी येते. लॅपटॉप शटडाउन करा, स्लीप नाही. चार्जर काढा, बॅटरी काढा. बॅटरी आत बंद असेल तर काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये ती तात्पुरती बंद करायची सोय असते. नाहीतर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिची पिन काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

जुनी स्टिक दोन बाजूंच्या धातूच्या चिमट्यांत असते. दोन्ही चिमटे एकदम बाहेर ओढले की ती आपोआप तिरकी उभी राहते. नवी तशीच तिरकी, साधारण तीस अंशांत आत सरकवायची. सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी व्हायला हवी. मग वरून दाबायची, दोन्ही चिमटे ‘टक्’ करतात. एकच टक् झाला तर परत काढा. काही लॅपटॉपांत एक स्लॉट खालच्या झाकणामागे आणि दुसरा कीबोर्डखाली असतो. कीबोर्ड काढायची हिंमत नसेल तर तेवढ्यापुरतं दुकानात जा, कमीपणा नाही.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत स्थिर वीज कमी तयार होते, पण एसीच्या खोलीत सिंथेटिक कपडे घालून बसलात तर हमखास. आधी रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि स्टिक कडेने धरा. आपल्या इथे मोठा त्रास उलट जातीचा आहे. खाडीची खारट हवा सोनेरी पट्टीवर मळ धरते. जुनी काढलेली स्टिक टाकण्याआधी पट्टीवरून पेन्सिलचं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, आणि दुरुस्तीवाले आयपीए म्हणतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा. देवघरातली भांडी घासतो तसं घासू नका, वरचा मुलामा फार पातळ असतो.

टाकली, पण डिस्प्लेच येत नाही. मेला का?

बहुधा नाही. पहिल्यांदा नवी मेमरी ओळखताना लॅपटॉप एखाद-दुसऱ्या वेळा आपणहून बंद-चालू होतो, एक-दोन मिनिटं थांबा. तरी काळा असेल तर स्टिक काढून परत बसवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, चिमटा नीट लागलेला नसतो. मग एकच नवी स्टिक एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. मग जुनी. जुनीवर डिस्प्ले आला तर लॅपटॉप ठीक आहे, नवी स्टिक खराब आहे किंवा त्याच्या वहीत मावत नाही. जुन्या मॅकबुकचा तीन वेळा बीप म्हणजे मेमरी आहे पण तपासणीत नापास, आणि पाच-पाच सेकंदांनी एकेक बीप म्हणजे मेमरी सापडलीच नाही.

दोन्ही स्टिक एकेकट्या चालतात पण जोडीने नाही, असं असेल तर बायोस अपडेट करून बघा. अपडेटच्या मध्येच वीज गेली तर मात्र लॅपटॉप खरंच जाईल, तेव्हा बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असू द्या.

‘चार टाकली, तीनच दिसतात. एक जीबी दुकानदाराने खाल्ली का?’

हा प्रश्न तळमजल्यावरच्या काकांचा, त्यांच्याच शब्दांत. काका, दुकानदार निर्दोष आहे. ९४५ चिपसेटला ४ जीबीपर्यंतचेच पत्ते देता येतात, आणि त्यातले वरचे पत्ते ग्राफिक्स वगैरे इतर भागांसाठी राखीव असतात. त्या जागेची मेमरी दुसरीकडे हलवून दाखवायची सोय त्यात नाही. म्हणून साधारण ३ दिसतात.

नव्या लॅपटॉपात असं झालं तर विंडोज ३२ बिटची आहे का बघा. ती ४ च्या वर जात नाही, हातात तीन-सव्वातीन येतात. ६४ बिटची टाकली की सगळी दिसते. विंडोज ७ मध्ये आणखी एक गंमत होती: ६४ बिटची होम बेसिक ८ वर आणि होम प्रीमियम १६ वर थांबते, स्लॉटमध्ये कितीही असो.

जास्त रॅमने लॅपटॉप जळतो का?

नाही. न मावणारी रॅम दिसत नाही किंवा लॅपटॉप सुरू होत नाही, एवढंच. जळतो तो बॅटरी न काढता स्क्रू ड्रायव्हर फिरवल्याने.

एक ८ आणि एक ४ चालेल का? दोन कंपन्यांच्या?

चालेल. इंटेलच्या कंट्रोलरमध्ये ४ अधिक ४ जोडीने धावतात आणि उरलेले ४ एकटे. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर समान जोडी घेतल्याने थोडा फायदा होतो, कारण ग्राफिक्सही याच मेमरीतून खातं.

सुरू झाला, १६ दिसतात. झालं ना?

रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. पेनड्राइव्हवरून चालतो, फुकट आहे. एकही लाल ओळ आली तर स्टिक परत करा. ‘एकच तर चूक आहे’ म्हणू नका, ती एक चूक महिन्याभराने तुमची एक्सेल फाइल खराब करेल आणि तुम्ही व्हायरसला शिव्या द्याल. मर्यादेपलीकडे गेलेल्या यंत्राला ही परीक्षा जास्तच लागू, कारण ती जोडी कंपनीने कधी तपासलेलीच नाही.

एवढं करून लॅपटॉप पळेल?

खरं सांगू? लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर रॅमचे पैसे आधी एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवाल्या वेगवान डिस्कवर घाला. रॅम कमी पडते तेव्हा लॅपटॉप डिस्कवर सामान टाकत राहतो, आणि तीच डिस्क बैलगाडी असेल तर सगळं थांबतं. एसएसडीनंतरही टास्क मॅनेजरमध्ये मेमरी कायम नव्वद टक्क्यांच्या वर दिसत असेल, मग रॅम. क्रोममध्ये चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्या वहिनींना ८ वरून १६ चा फरक पहिल्या दिवशी कळला. नुसती पत्रं टाइप करणाऱ्या काकांना काहीच कळला नसता, म्हणून त्यांना टाकू दिली नाही.

आणि दुसरी अडचण. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या १६ जीबीवाल्या लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून देतो. मराठी टायपिंग चालतं, बँकेची वेबसाइट चालते. टॅली हवं असेल तर मात्र माझ्याकडे येऊ नका.

रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डवरच कायमची जोडलेली असेल तर?

मॅकबुक एअर, रेटिना मॅकबुक प्रो आणि बहुतेक सडपातळ लॅपटॉप यांत स्लॉटच नसतो. तिथे विषय संपला. काहींत थोडी सोल्डर केलेली आणि एक स्लॉट असं असतं. थिंकपॅड टी४५०एस मध्ये ४ बोर्डवर आणि एक स्लॉट, कागदावर एकूण १२. पाचव्या पिढीचा असल्याने तो १६ ची स्टिक घेतो आणि स्क्रीनवर २० दिसतात. वीस जीबी हा आकडा कुठल्याही जाहिरातीत बसत नाही, पण चालतो.

जुन्या स्टिकचं काय करू?

एक जपून ठेवा, डिस्प्ले गेला की तीच लागते. बाकीच्या मला द्या. दिवाळीच्या मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सुट्या टाकून आणू नका, मदरबोर्डबरोबर येते ती करड्या रंगाची पिशवी मागून घ्या. आणि प्रत्येकीवर पेनाने लिहा, कोणत्या लॅपटॉपातून काढली.